लिंबूटिंबू नको, सहा डाव द्या

आज जरा भांडायचा मूड आहे. विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांना फालतू वाटेल, तेव्हा आधीच सांगून टाकतो : पिनबॉल. हो, तोच. विंडोज एक्सपीमध्ये 'स्पेस कॅडेट' नावाचा गेम यायचा आणि झेड आणि स्लॅशची बटणं बडवून आपण घरच्या कीबोर्डची वाट लावायचो, त्याचंच खरंखुरं, काच-लाकूड-लोखंडाचं रूप. इथे अमेरिकेत ते अजून जिवंत आहे, आणि सिअ‍ॅटलच्या आसपास तर चांगलंच जिवंत आहे. बारच्या मागच्या खोलीत आठ-दहा मशिनं रांगेत उभी असतात, आठवड्यातल्या एका संध्याकाळी पंधरा-वीस लोक जमतात, प्रत्येकी पाच डॉलर काढतात आणि स्पर्धा होते. मी गेली दोन वर्षं नेमाने जातोय. नेमाने हरतोयही. पण भांडण हरण्याबद्दल नाहीये.

भांडण आहे ते या स्पर्धा ज्या पद्धतीने घेतात त्याबद्दल. बऱ्याच ठिकाणी 'थ्री स्ट्राइक्स' नावाचा प्रकार चालतो. प्रत्येक फेरीत दोघादोघांच्या जोड्या लागतात, जोडीच्या वाट्याला एक मशीन येतं, दोघं आळीपाळीने तीन-तीन बॉल खेळतात. ज्याचा स्कोअर कमी त्याला एक स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की तुम्ही बाद, शेवटी उरेल तो विजेता. वर्तमानपत्राच्या क्रीडा पानाच्या भाषेत सांगायचं तर बाद पद्धत, फक्त दोन चुका माफ.

ऐकायला किती न्याय्य वाटतं ना? आता जरा घड्याळ लावून बघा. पिनबॉलमध्ये तुम्ही किती वेळ खेळणार हे तुमच्या हातात किती कला आहे त्यावर ठरतं. क्रिकेटमधल्या बॅट्समनसारखं. माझ्यासारख्या कच्च्या गड्याचा बॉल बऱ्याचदा अर्ध्या मिनिटात दोन फ्लिपरच्या मधून खाली जातो. तीन बॉलचा एक गेम, म्हणजे दीड मिनिट. तीन गेम हरलो की बाद, म्हणजे एकूण साडेचार मिनिटं. पाच डॉलर प्रवेश फी, मशीनमध्ये टाकायची नाणी वेगळी, तासभर भिंतीला टेकून वाट बघणं, आणि पदरात काय तर साडेचार मिनिटं! माझा हापिसातला एक मित्र (मूळचा डोंबिवलीचा, तोंडाने फटकळ) एकदा बघायला आला होता. म्हणाला, "अरे, हे करायला एवढ्या लांब येतोस? त्यापेक्षा माझ्याकडे ये, कॅरम लावू. निदान बसून तरी हरशील."

म्हणजे बघा, ज्याला खेळायची सगळ्यात जास्त गरज आहे तोच सगळ्यात कमी खेळतो. आणि ज्याच्या घरच्या तळघरात स्वतःची चार मशिनं आहेत (अशी माणसं दर स्पर्धेत दोन-तीन तरी असतातच) तो रात्री साडेदहापर्यंत खेळत असतो. बरं, आम्ही ज्या बारमध्ये जमतो त्याचं मशिनांचं उत्पन्न कोणाच्या नाण्यांवर चालतं? जो एका डॉलरमध्ये वीस मिनिटं उभा राहतो त्याच्या, की जो वीस मिनिटांत दहा डॉलर घालवतो त्याच्या?

यावर आयोजकांचं ठरलेलं उत्तर असतं : "वेळ नाही. सगळ्यांना सगळ्या फेऱ्या खेळवायच्या तर रात्र होईल." मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. कोणी 'रिसोर्सेस नाहीत' म्हटलं की माझा हात आपोआप हिशोबाकडे जातो. तर हा घ्या हिशोब.

सोळा खेळाडू धरू. प्रत्येक सामन्यात बरोब्बर एक स्ट्राइक वाटला जातो, कारण एक जण जिंकतो आणि एक हरतो. पंधरा जणांना घरी पाठवायचं म्हणजे पंधरा त्रिक पंचेचाळीस स्ट्राइक. विजेत्याच्या खात्यात शून्य, एक किंवा दोन असू शकतात. म्हणजे एकूण सामने ४५ ते ४७. आता बाद पद्धत फेकून द्या आणि सगळ्यांना सहा फेऱ्या खेळवा. दर फेरीत आठ सामने, सहा फेऱ्या, आठ सख अठ्ठेचाळीस. फरक किती? एक ते तीन सामन्यांचा! मशिनं तितकीच, सामने जवळजवळ तितकेच. फक्त वाटप वेगळं. एकीकडे कोणाला तीन, कोणाला दहा. दुसरीकडे सगळ्यांना सहा.

आणि घड्याळाचं म्हणाल तर बाद पद्धत उलट जास्त वेळ खाते. पहिल्या तीन फेऱ्यांत आठही मशिनं चालू असतात. मग माणसं गळायला लागतात आणि मशिनं रिकामी पडायला लागतात. शेवटच्या तीन-चार फेऱ्यांत तर एखाद-दुसरं मशीन चालू आणि बाकीची नुसती दिवे लावून उभी. एकूण नऊ-दहा फेऱ्या सहज होतात. त्यात गंमत अशी की शेवटी उरलेले सगळे तरबेज, त्यामुळे त्यांचा एकेक गेम मारुतीच्या शेपटासारखा लांबतो. ज्यांनी मल्टिथ्रेडिंग केलंय त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल : आठ कोअर, त्यातला एक राबतोय, सात ढिम्म बसलेत, आणि मॅनेजर म्हणतोय की मशीन कमी पडतंय.

यावर "मग तीनाऐवजी चार स्ट्राइक ठेवू" अशी तोडजोड सुचवतात. त्याने कच्च्याला एक गेम जास्त मिळतो आणि शेपूट आणखी लांबतं. असो.

आता ही सगळ्यांना खेळवायची कल्पना काही मी शोधून काढलेली नाही. बुद्धिबळवाल्यांनी ती १८९५ साली झुरिकमध्ये वापरली, म्हणूनच तिला स्विस पद्धत म्हणतात. आपल्याकडे पुण्या-मुंबईत ज्यांनी फिडे रेटिंगच्या खुल्या स्पर्धा खेळल्यात त्यांना ठाऊक आहे : पहिल्या फेरीत ग्रँडमास्टरने तुमचा वीस चालींत चुराडा केला तरी दुसऱ्या फेरीला तुमचं नाव यादीत असतं. फक्त आता समोर तुमच्यासारखाच हरलेला कोणीतरी. नऊ फेऱ्यांची स्पर्धा असेल तर नवव्या फेरीपर्यंत तुम्ही खेळता, आणि तळाच्या पटावरही घाम फुटेल अशी लढत होते, कारण दोघंही एकाच तोलाचे. एकसारखे गुण असलेल्यांची जोडी लावायची, एवढंच तर तत्त्व आहे. पिनबॉलच्या जोड्या लावायला आयोजक जे सॉफ्टवेअर वापरतात त्यातही स्विसचा पर्याय असतो. ड्रॉपडाऊनमध्ये एक क्लिक, बस्स. कोडसुद्धा लिहावा लागत नाही!

आणि पिनबॉलमध्येच हे होत नाही असंही नाही. पिट्सबर्गची 'पिनबर्ग' ही स्पर्धा घ्या. २०१९ साली तिथे हजाराच्या आसपास लोक खेळले. दोन दिवस, दहा फेऱ्या, दर फेरीत चार जणांचा गट आणि चार मशिनं. म्हणजे प्रत्येकाला चाळीस गेम. जगातल्या पहिल्या नंबरालाही चाळीस आणि ओहायोहून गाडी हाणत आलेल्या कुठल्याशा अंकलनाही चाळीस. पहिल्या दिवशीच्या कामगिरीवरून दुसऱ्या दिवसासाठी गट पाडायचे, पण बॅग उचलून घरी जा असं मधेच कोणी कोणाला सांगत नव्हतं. २०२० ची स्पर्धा कोरोनामुळे रद्द झाली. पिनबॉलवाले अजून पिनबर्गचं नाव काढलं की हळवे होतात. मला कळत नाही, हजार माणसांना जे जमलं ते आमच्या सोळा जणांना का जमू नये?

आता जरा पॉइंटच्या भानगडीकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे असा मला दाट संशय आहे. आंतरराष्ट्रीय फ्लिपर पिनबॉल असोसिएशन नावाची एक संस्था आहे. ती जगभरच्या खेळाडूंचं रँकिंग ठेवते. तुमच्या बारमधली मंगळवारची स्पर्धासुद्धा तिथे नोंदवता येते आणि तिचे पॉइंट मिळतात. फार लोकशाही कल्पना आहे ही, मला मनापासून आवडते. माझं नाव जगाच्या यादीत आहे, भले त्याच्या वर कित्येक हजार नावं असोत :-) पण स्पर्धेची 'किंमत' ठरवताना किती लोक आले, ते किती तयारीचे होते आणि किती गेम खेळले गेले हे सगळं बघतात. आणि पॉइंटांचा मोठा वाटा वरच्या दोन-तीन जणांकडे जातो. २०१८ साली तर अमेरिका-कॅनडात माणशी एक डॉलर शुल्क सुरू झालं, राज्य पातळीवरच्या विजेतेपदांच्या बक्षिसांसाठी.

कोणाच्या डॉलरवर कोण खेळतं हे तुम्हीच बघा. मला तक्रार त्या डॉलरबद्दल नाहीये. चांगल्या खेळाडूंना बक्षीस मिळालंच पाहिजे. पण आम्ही आलो की स्पर्धेची किंमत वाढणार, आमच्या पाच डॉलरनी बक्षिसाचं पाकीट फुगणार, आणि आठ वाजता आम्ही बाहेर! याला मराठीत एक फार नेमका शब्द आहे : खोगीरभरती.

इथे मला दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही भांडायचंय. ही फार भली माणसं असतात. ती म्हणतात, "अगदी बरोबर, नवोदितांवर अन्याय होतो. आपण नवोदितांचा वेगळा गट करू. त्यांना वेगळी ट्रॉफी देऊ." किंवा, "त्यांना सुरुवातीलाच काही पॉइंट जास्तीचे देऊ." नको! लहानपणी बिल्डिंगखाली लपंडाव खेळताना कोणाचं तरी धाकटं भावंड मागे लागायचं. मग त्याला 'लिंबूटिंबू' करून घ्यायचं. तो पळणार, ओरडणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. त्याला वाटायचं आपण खेळतोय, आणि बाकीच्यांना ठाऊक असायचं की तो खेळत नाहीये. वयाची पाच वर्षं असताना हे ठीक आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी, पाच डॉलर भरून, मला लिंबूटिंबू व्हायचं नाहीये. मला चांगल्या खेळाडूकडूनच हरायचंय. फक्त तीनदा नाही, सहादा.

कारण पिनबॉल शिकायची दुसरी जागाच नाही. एकट्याने खेळताना तुम्ही तीच चूक हजार वेळा करता आणि ती चूक आहे हेच कळत नाही. उदाहरण देतो. नवखा माणूस बॉल खाली येताना दिसला की घाबरून दोन्ही बटणं एकदम दाबतो. दोन्ही फ्लिपर वर गेले की मधे मोठं भगदाड पडतं आणि बॉल त्यातून निघून जातो. तरबेज माणूस अशा वेळी काय करतो? काहीच नाही! फ्लिपर खालीच ठेवतो. बॉल त्या स्थिर फ्लिपरवर टप्पा खाऊन आपसूक पलीकडच्या फ्लिपरवर जातो, तिथे तो त्याला शांतपणे धरतो, आणि मग नेम धरून मारतो. 'डेड बाउन्स' म्हणतात याला. यूट्यूबवर पन्नास व्हिडिओ असतील. पण तुमच्याच मशीनवर, तुमच्या नंतर लगेच, त्याच ढिल्या रबरावर समोरचा माणूस हात न हलवता बॉल वाचवतो तेव्हा ते जे डोक्यात शिरतं ते व्हिडिओने शिरत नाही. तेच धक्का देण्याचं. मशिनला किती हलवलेलं चालतं? आत एक लोलक टांगलेला असतो, तो भोवतीच्या कडीला टेकला की इशारा, आणि इशारे संपले की टिल्ट : फ्लिपर मेले, त्या बॉलचा बोनस गेला. प्रत्येक मशीनचा लोलक वेगळा लावलेला. कुठे किती जोर चालतो हे शेजारी उभं राहून, त्या पठ्ठ्याच्या मनगटाकडे बघूनच कळतं. 'अ‍ॅडम्स फॅमिली'सारख्या मशीनवर (१९९२ चं, वीस हजारांच्या वर बनलं, अजून जिथे-तिथे दिसतं) खाली लपवलेली लोहचुंबकं बॉल भलतीकडे ओढतात. तिथे कधी मारायचं आणि कधी नुसतं थांबायचं हे मला एका सामन्यात, मार खाता खाता कळलं.

मजा म्हणजे या खेळाला मान्यता मिळाली तीच मुळी 'हे शिकता येतं' या मुद्द्यावर. न्यू यॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ साली पिनबॉलवर जुगार म्हणून बंदी घातली होती. पोलिसांनी हातोड्यांनी मशिनं फोडली, त्याचे फोटो आहेत. त्या वेळच्या मशिनांना फ्लिपरच नव्हते हेही खरं. ते आले १९४७ साली, गॉटलिबच्या 'हम्प्टी डम्प्टी'वर. पुढे १९७६ मध्ये रॉजर शार्प या तरुण पत्रकाराने नगर परिषदेच्या लोकांसमोर खेळून दाखवलं. प्लंजर ओढण्याआधी बॉल वरच्या कुठल्या वाटेने जाईल ते सांगितलं आणि बॉल तिथूनच गेला. नशीब नाही, कौशल्य आहे, हे सिद्ध झालं आणि बंदी उठली. त्यांचाच मुलगा जॉश मी वर सांगितलेल्या असोसिएशनचा बरीच वर्षं अध्यक्ष. आता कौशल्याचा खेळ आहे म्हणायचं, आणि ते कमवायची वेळ आली की तासाभरात माणूस घरी घालवायचा, हे कुठलं लॉजिक?

आणि हे फक्त माझ्या मनगटापुरतं नाहीये. हा खेळ एकदा मरता मरता वाचलाय. १९९९ साली विल्यम्स कंपनीने पिनबॉल बनवणं बंद केलं आणि त्यानंतर कित्येक वर्षं मोठी म्हणावी अशी एकच कंपनी उरली होती, स्टर्न. आज परिस्थिती बरी आहे, नवे उत्पादक आलेत. नवीन मशीन कित्येक हजार डॉलरला पडतं. ते बारमध्ये टिकायचं तर दर आठवड्याला नवी माणसं यायला हवीत. मी जे बघतोय ते असं : नवखा येतो, बहुतेक वेळा मित्राबरोबर. दोघांपैकी एक आठ वाजता बाद होतो. मग तो मित्राची वाट बघत फोन चाळत बसतो. पुढच्या आठवड्यात दोघंही येत नाहीत. बायका-मुलींच्या बाबतीत तर हे आणखी जास्त दिसतं. आधीच खोलीत पंधरा बाप्ये, त्यात एकटी मुलगी पाऊण तासात बाद, ती परत कशाला येईल? आणि माझं स्वतःचं म्हणाल तर परक्या गावात हापिसाबाहेरची दहा माणसं मला नावाने ओळखतात ती फक्त याच खोलीत. ही खोली रिकामी झालेली मला परवडणार नाहीये.

विरोधकांचे दोन मुद्दे मात्र वजनदार आहेत. एक म्हणजे थरार. शेवटचा स्ट्राइक उरलेला असताना प्लंजर ओढताना जे पोटात होतं ते साखळी सामन्यांत होत नाही. मान्य. मग सहा फेऱ्यांनंतर वरच्या चार जणांची अंतिम फेरी ठेवा की! थरार तिथे पुरवा. दुसरा मुद्दा, जिंकायची आशा संपलेला खेळाडू शेवटच्या फेऱ्यांत टंगळमंगळ करतो किंवा न सांगता निघून जातो, आणि जोडीदाराला फुकटचा विजय मिळतो. हे होतं, मी बघितलंय. पण ते जोड्या आंधळेपणाने लावल्या की होतं. एक जिंकलेल्याला पाच जिंकलेल्यासमोर उभं केलं तर तो टंगळमंगळच करणार. एक जिंकलेल्यासमोर एक जिंकलेला आणा आणि मग बघा.

"हरायला शिका, रडू नका" असंही एकाने मला ऐकवलं. दादा, आम्ही एच-वन-बीची लॉटरी भरणारी माणसं. बाद होणं काय असतं ते आम्हाला शिकवू नका.

जिथे मशिनं चारच आहेत तिथे काय? तिथे चौघाचौघांचे गट करा. पहिल्याला सात, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला तीन आणि शेवटच्याला एक गुण. ही पद्धतही जुनीच आहे. गेम लांबतात, तेव्हा सहाऐवजी चार फेऱ्या करा. पण चार तर चार, सगळ्यांना.

हे सगळं शीटवर मांडून आमच्या आयोजकाला दाखवलं. माणूस चांगला आहे, स्वतःच्या रात्री खर्च करून हे चालवतो, पैसे कमवत नाही. त्याने हिशोब दोनदा तपासला, मग म्हणाला की महिन्याचा शेवटचा मंगळवार सहा फेऱ्यांचा करून बघू, पण वेळेची नोंद तू ठेवायची. ठेवतो म्हटलं. प्रत्येक फेरी किती वाजता सुरू झाली, किती वाजता संपली, साडेनऊला किती मशिनं चालू होती आणि सहाव्या फेरीला किती जण शिल्लक होते, असे चार रकाने आखून ठेवलेत. पहिल्या तीन महिन्यांचे आकडे आले की इथे टाकेन.